छोट्या व्यावसायिकाने वर्षाचा संकल्प कसा करावा : झेपेल तेवढा, पण ठरवून

मराठवाड्यातल्या दुकानदाराच्या वर्षाला एकच सुरुवात नसते. दिवाळीच्या पाडव्याला नव्या वहीची पूजा होते, १ जानेवारीला भिंतीवरची दिनदर्शिका बदलते, १ एप्रिलला सरकारी हिशेबाचे वर्ष सुरू होते आणि गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरते. यांपैकी कोणत्या मुहूर्तावर धंद्याचा संकल्प करावा हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण तो आधी सोडवलेला बरा, कारण हातात आकडे नसताना किंवा अंगात त्राण नसताना ठरवलेली गोष्ट महिनाभरही टिकत नाही. दिवाळीच्या पाडव्याला बहुतेक व्यापारी महिनाभराच्या धावपळीने गळून गेलेले असतात. १ जानेवारीला वर्ष अर्ध्यावर असते आणि तूर अजून शेतात किंवा खळ्यावर असते. म्हणून गुढीपाडवा ते एप्रिलचा पहिला आठवडा हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. तूर-हरभऱ्याचे पैसे गावात आलेले असतात, ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परतू लागलेली असतात, मार्चअखेरचा हिशेब कसाही का होईना पण पुढ्यात असतो आणि खरिपाचा माल भरायला अजून अवकाश असतो.

ज्यांचे वर्ष शेतीच्या चक्राने फिरत नाही त्यांनी मात्र आपला पाडवा स्वतः शोधावा. लातुरात शिकवणीच्या मुलांवर चालणाऱ्या खाणावळीचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि मे महिन्यात नीटची परीक्षा झाली की ताटे एकदम निम्म्यावर येतात. तिच्या मालकाने मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बसावे. तुळजापुरातल्या प्रसादाच्या दुकानदाराला नवरात्र आणि त्यानंतरची पौर्णिमा पार पडल्याशिवाय डोके वर काढता येत नाही, आणि पैठणच्या नाथषष्ठीवर ज्याचा हिशेब असतो त्याला फाल्गुन संपल्यावरच मोकळीक मिळते. वाळूजच्या कामगारवस्तीतल्या किराणा दुकानाला तर कंपनीच्या पगाराची तारीख हाच सण असतो. आपला पैसा कोणत्या महिन्यात येतो आणि आपल्याला श्वास घ्यायला कोणता महिना मिळतो, एवढे पाहिले की बसण्याचा दिवस आपोआप ठरतो.

विक्रीचा आकडा हे ध्येय करू नये

‘यंदा विक्री दीडपट करायची’ हा संकल्प ऐकायला भरघोस असतो, पण आपल्या भागात त्याची दोरी दुसऱ्याच्याच हातात असते. मराठवाड्यात पावसाळ्याची सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास आहे. तेवढा पाऊस पडला नाही, किंवा पडला पण भलत्या वेळी पडला, की किराणा, कापड, चप्पल, भांडी, दुचाकीची दुरुस्ती अशा सगळ्यांचे गल्ले एकाच महिन्यात खाली येतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तर २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने बीड, धाराशिव, लातूर, नांदेड भागांतली उभी पिके पाण्याखाली गेली. या दोन्ही वर्षांत ज्याने दीडपट विक्रीचा आकडा लिहून ठेवला असेल त्याने वर्षाच्या शेवटी स्वतःला नालायक ठरवले असेल, आणि दोष त्याचा मुळीच नव्हता. उलट पाऊस आणि भाव दोन्ही साधलेल्या वर्षी काहीही न करता विक्री वाढते आणि आपणच फार हुशार आहोत असा समज होऊन नको तेवढा माल भरला जातो. माझ्या मते दुसरा धोका पहिल्यापेक्षा मोठा आहे.

म्हणून जे आपल्या हाताने होते आणि पाऊस हुकला तरी करता येते तेच लिहावे. घरखर्चाला गल्ल्यातून किती उचलायचे, कोणाला किती उधार द्यायचे, दुकान किती वाजता बंद करायचे, पडून राहिलेला माल केव्हा काढून टाकायचा, दिवसाला किती काम घ्यायचे, या गोष्टी आपल्या ताब्यातल्या आहेत. विक्री हे यांचे फळ आहे. ते मोजावे जरूर, पण त्याचा संकल्प सोडू नये. अशा ध्येयांना सौम्य म्हटले म्हणून ती ढिली ठरत नाहीत. ‘दर महिन्याच्या ५ तारखेलाच घरखर्च उचलीन, मध्ये गल्ल्याला हात लावणार नाही’ हे वाक्य लिहायला सोपे आहे, पण मुलाची सहल, पाहुण्यांचा आहेर आणि मोटारसायकलचे पेट्रोल समोर आले की ते पाळणे विक्री वाढवण्याइतकेच अवघड जाते.

आधी मागच्या वर्षाकडे पाहावे

संकल्प लिहिण्याआधी एक दुपार मागच्या वर्षासाठी राखावी. रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, असेल तर उत्तमच. नसेल तर ठोक व्यापाऱ्याची बिले, बँकेचे पासबुक, यूपीआयची महिनावार यादी आणि उधारीची वही एवढे घेऊन बसावे. यूपीआयच्या यादीत मेहुण्याने परत केलेले पैसेही जमा दिसतात आणि रोखीची विक्री मुळीच दिसत नाही, हे ध्यानात ठेवून ती वाचावी. बारा महिन्यांचे बारा रकाने आखून प्रत्येकात विक्री, खरेदी, दुकानाचा खर्च आणि घरासाठी उचललेली रक्कम अंदाजाने का होईना लिहावी. हिशेबाची कामे करताना मला बहुतेक वह्यांत शेवटचा रकाना कोराच दिसतो. दुकानातून घरी गेलेली साखर, तेल, साबण, शाळेची फी, दवाखाना हे सारे गल्ल्यातूनच जाते आणि कुठेच लिहिले जात नाही.

त्याचा परिणाम कसा होतो ते एका उदाहरणाने पाहू. समजा, तालुक्याच्या गावी एक किराणा दुकान आहे, त्याची महिन्याची विक्री १ लाख ८० हजार रुपये आहे आणि सरासरी सुटका, म्हणजे मालाची खरेदी वजा जाता विक्रीतून उरणारी रक्कम, शेकडा १२ आहे. म्हणजे महिन्याला २१,६०० रुपये सुटतात. गाळ्याचे भाडे ४,०००, वीज १,५००, हाताखालच्या पोराचा पगार ५,०००, माल आणण्याचे भाडे आणि किरकोळ खर्च १,१०० असे ११,६०० रुपये त्यातून गेले की मालकाच्या हाती १०,००० रुपये राहतात. घर मात्र गल्ल्यातून १५,००० उचलते. वरचे ५,००० कोठून येतात? ते ठोक व्यापाऱ्याच्या उधारीतून येतात, आणि म्हणून मालकाला ते दिसत नाहीत. फळ्या हळूहळू रिकाम्या होत जातात, ठोकवाल्याचे देणे वाढत जाते आणि ‘धंद्यात आता राम राहिला नाही’ असे वाक्य ऐकू येते. वर्षाला ६० हजारांची ही गळती मंदीच्या नावावर जमा होते. असा ताळा एकदा समोर आला की पहिला संकल्प वेगळा शोधावा लागत नाही. घरात बसून, घरातल्या बाईमाणसांसह, मालकाचा पगार ठरवावा आणि तो एका तारखेला उचलावा. तो एकदम १०,००० वर आणणे जमणार नाही; पहिल्या सहामाहीत १३,००० वर यावे, दुकानातून घरी नेलेला माल खरेदीच्या भावाने लिहावा, आणि उरलेली तफावत कोणता माल जास्त सुटका देतो हे पाहून भरून काढण्याचा प्रयत्न करावा. साखर-तेलावर सुटका वाढवायला जागा नसते, ती मसाले, सुके खोबरे, पूजेचे साहित्य, सुट्या डाळी यांवर असते.

याच दुपारी एक बिनआकड्याची यादीही करावी: मागच्या वर्षी कोणत्या कामाने पैसा दिला आणि कोणत्या कामाने झोप घालवली. पुष्कळदा दोन्हीकडे एकच नाव येते, आणि तेव्हा निर्णय सोपा नसतो. पण जे नाव फक्त दुसऱ्या यादीत असेल ते यंदा सोडून द्यावे. काहीतरी सोडणे हाही संकल्पच आहे, आणि वर्षातून एक गोष्ट सोडल्याशिवाय नवी गोष्ट धरू नये असे माझे मत आहे.

उधारीचा संकल्प

उधारी हा आपल्या भागातल्या धंद्याचा सर्वांत नाजूक विषय आहे आणि बहुतेकांचे संकल्प इथेच फसतात. ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावून १ एप्रिलपासून उधारी बंद करणारा दुकानदार दोन महिन्यांत एकतर पाटी काढतो किंवा गिऱ्हाईक गमावतो. सोयाबीनचा पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो, कापसाचा त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत तुकड्यातुकड्याने येतो, तुरीचा जानेवारीपासून आणि हरभऱ्याचा फेब्रुवारी-मार्चमध्ये. ज्या घरात पैसा वर्षातून तीनदाच येतो त्या घराला महिन्याच्या महिन्याला रोखीने वागायला सांगणे व्यवहाराला धरून नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे चक्र आणखी वेगळे असते: दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल मिळते, त्यातून जुने देणे फिटते, आणि मग कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, घराला कुलूप असते.

म्हणून उधारी बंद करण्याऐवजी तिला कुंपण घालावे. प्रत्येक घराची एक मर्यादा ठरवावी आणि ती खात्याच्या पानावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहावी. पेन्सिलीने अशासाठी की ती वर्षात एकदा बदलायची असते. त्याच पानावर त्या घराचा पैसा कोणत्या पिकाचा, कोणत्या महिन्यात येतो हेही लिहावे; वसुलीची तारीख त्यावरून धरावी, आपल्या गरजेवरून नव्हे. सगळ्या खात्यांची मिळून थकबाकी दुकानाच्या एका महिन्याच्या विक्रीपेक्षा जास्त होऊ देऊ नये, हे मी सुचवतो ते प्रमाण आहे. ज्याची थकबाकी आज तीन महिन्यांच्या विक्रीइतकी असेल त्याने यंदा दोनवर आणण्याचेच ध्येय ठेवावे.

मागण्याची रीतही ठरवून घ्यावी, कारण पुष्कळ दुकानदारांना हिशेब येतो पण तोंड उघडत नाही. गावात सगळे नात्याने बोलतात आणि नाते सांभाळूनच मागता येते. “मामा, सोयाबीन आडतीला घातलं म्हणं? मागचं निम्मं तरी जमा करा, मग नवं लिहितो,” एवढे वाक्य पुरते, त्यात अपमान नाही आणि पळवाटही नाही. चारचौघांत मागू नये, आजारपण किंवा दशक्रिया चालू असलेल्या घरी मागू नये, आणि बाजारच्या दिवशी गर्दीत तर मुळीच मागू नये. आठवड्यातला एक ठरावीक दिवस घेऊन त्या दिवशी पाच खात्यांना फोन करावा किंवा भेटावे. वर्षाचा संकल्प म्हणून एवढेच लिहिले तरी चालेल: ‘दर गुरुवारी सकाळी पाच खाती.’ किती वसूल झाले हे त्या वाक्यात नाही, कारण ते समोरच्याच्या हातात आहे.

कायद्याची एक बाजू इथेच सांगून टाकतो. उधार दिलेल्या मालाचे पैसे मागण्यासाठी दावा करण्याची मुदत सर्वसाधारणपणे ३ वर्षांची असते. ती संपण्यापूर्वी ऋणकोने बाकीची लेखी कबुली सहीनिशी दिली तर तिथून मुदत नव्याने मोजली जाते. दावा करायचा नसला तरी पाडव्याला खात्याची बाकी काढून त्याखाली सही घेण्याची सवय चांगली, कारण सही करताना दोघांचेही आकडे जुळतात. जे लोक गिऱ्हाइकाला नव्हे तर कारखान्याला किंवा मोठ्या फर्मला माल बनवून देतात किंवा सेवा पुरवतात, म्हणजे जालना-वाळूजकडचे फॅब्रिकेशनवाले, पॅकिंगवाले, छपाईवाले, त्यांच्यासाठी २००६ चा सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायदा आहे. उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची केंद्र सरकारकडची नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघू उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खरेदीदाराला प्राप्तिकरात खर्च म्हणून धरता येत नाही, त्यामुळे मार्चअखेर ही आठवण सभ्य शब्दांत करून दिली की बरेचदा काम होते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला या विलंबाच्या तरतुदीचा लाभ मिळत नाही. उद्यम नोंदणी मोफत आहे. तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

वेळ आणि विश्रांती

कारागिरीच्या धंद्यात मर्यादा पैशाची नसते, हाताची असते. औसा किंवा उदगीरसारख्या गावात घरी शिवणकाम करणारी एखादी ताई घरचे सगळे पाहून दिवसाला पाच अस्तराचे ब्लाउज शिवू शकते असे धरू. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते आणि नाही म्हणायची सवय नसल्यामुळे ती सात-आठ घेत जाते. मग माप चुकते, उसवून परत शिवावे लागते, रात्री दोनला मशीन चालते आणि नवरीच्या घरची मंडळी दारात उभी राहतात. तिने संकल्प करायचा तो जास्त शिवण्याचा नव्हे. दिनदर्शिकेवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात चारच नावे लिहायची आणि पाचवी जागा रिकामी ठेवायची. ती जागा फिटिंगच्या दुरुस्तीसाठी किंवा अगदी तातडीच्या कामासाठी असते, आणि तातडीच्या कामाचा दर वेगळा असतो हे दारावर लिहिलेले असावे. चौकोन भरला की पुढची तारीख सांगायची. गिऱ्हाईक एकदा कुरकुरते, पण दिलेली तारीख पाळली जाते हे कळले की पुढच्या वर्षी आधी येते. महिन्याला २६ दिवस धरले तर नियमित १०४ ब्लाउज होतात, आणि एवढे वेळेवर देणारी व्यक्ती गावात फारशी नसते.

दुकानदारांच्या बाबतीत सुटीचा प्रश्न जास्त हट्टाचा आहे. लातूर-धाराशिव भागात वेळअमावस्येला बाजारपेठ ओस पडते, मालक-नोकर सगळे कोणाच्या ना कोणाच्या शेतात भज्जी आणि आंबिलीच्या पंगतीला असतात, आणि त्या एका दिवसाने कोणाचे दिवाळे निघाल्याचे ऐकिवात नाही. तरीही आठवड्याला अर्धा दिवस बंद ठेवा म्हटले की समोरचे दुकान उघडे असते हे उत्तर येते. ज्या दिवशी आठवडी बाजार असतो त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतर गल्ल्यात काय जमा होते ते चार आठवडे लिहून पाहावे. आकडा बहुधा इतका लहान निघतो की वाद तिथेच मिटतो.

लिहिण्याची रीत

तीनपेक्षा जास्त गोष्टी लिहू नयेत. त्यातली एक सोडण्याची असावी. प्रत्येक वाक्यात कोण, काय, केव्हा हे असावे. ‘उधारी कमी करणे’, ‘हिशेब नीट ठेवणे’, ‘तब्येतीकडे लक्ष देणे’ ही वाक्ये सुविचाराच्या फळ्यावर शोभतात, पण १५ जुलैला त्यांपैकी काय झाले हे कोणालाच सांगता येत नाही. ‘मी रोज दुकान बंद करताना शटर ओढण्याआधी दिवसाची रोख आणि यूपीआय वेगवेगळी लिहीन’ हे सांगता येते.

प्रत्येक ध्येयाखाली एक ओळ कमी पावसाच्या वर्षासाठी लिहावी, आणि ती आत्ताच लिहावी, कारण दुष्काळात बसून डोके शांत राहत नाही. उदाहरणार्थ, मालकाच्या पगाराखाली लिहिता येईल: ‘पोळ्यापर्यंत पाऊस झाला नाही तर दिवाळीचा माल मागच्या वर्षीच्या दोन-तृतीयांश भरीन आणि पगार दोन हजारांनी कमी उचलीन.’ अंदाजासाठी गावच्या पैसेवारीचा, म्हणजे पीक रुपयात किती पैसे आले या सरकारी अंदाजाचा, उपयोग करावा. मराठवाड्यात खरिपाची नजरअंदाज पैसेवारी ३० सप्टेंबरला, सुधारित ३१ ऑक्टोबरला आणि अंतिम ३१ डिसेंबरला जाहीर होते. आपल्या गिऱ्हाइकाची गावे ५० पैशांच्या आत आली असतील तर दिवाळीनंतरची वसुली रोडावणार हे आधीच कळते. शेतकरी ती सवलतींसाठी पाहतो, दुकानदाराने ती माल भरण्यासाठी पाहावी. पैसेवारी उशिरा कळते ही तक्रार खरी आहे, पण पोळ्याच्या सुमाराला स्वतःच्या डोळ्यांनी शिवार पाहिलेले असतेच.

संकल्पाचे पान वर्षातून तीन-चार वेळा उघडावे: पेरण्या आटोपल्यावर, पोळ्यानंतर, दिवाळीचा माल विकून झाल्यावर आणि संक्रांतीच्या आसपास. दर आठवड्याला तपासत बसल्याने नुसती चुटपुट वाढते. तपासताना जे जमले नाही ते खोडावे, शेजारी तारीख टाकावी आणि लहान करून पुन्हा लिहावे.

घरच्यांना विश्वासात घेतल्याशिवाय यातले काही चालत नाही. गल्ल्यावर पाळीपाळीने वडील, भाऊ, बायको बसत असतील तर पान त्यांच्या समोर वाचून दाखवावे. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, जन्मभर शब्दावर उधार दिलेले असते. त्यांना मर्यादेची पेन्सिल दाखवताना आवाज जरा खालीच ठेवावा, आणि त्यांच्या जुन्या दोन-चार खात्यांना वगळून मर्यादा लावावी.

कर्ज, शिल्लक आणि मार्चअखेर

नवे मशीन, दुसरा गाळा किंवा छोटा टेम्पो घेण्याचा विचार असेल तर त्याला त्या वर्षाचे एकमेव ध्येय करावे. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजार, किशोरमध्ये ५ लाख आणि तरुणमध्ये १० लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते, आणि तरुण गटातले आधीचे कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत. अडचण रकमेची नसते, हप्त्याची असते: हप्ता दर महिन्याला येतो आणि आपला पैसा हंगामाने. अर्ज करण्यापूर्वी मागच्या वर्षाच्या बारा रकान्यांपैकी सर्वांत वाईट महिना पाहावा, बहुधा तो ऑगस्ट असतो, आणि त्या महिन्यात हप्ता निघेल का एवढेच विचारावे. निघत नसेल तर रक्कम कमी करावी, किंवा पहिला हप्ता दिवाळीनंतर सुरू होईल असे बँकेशी आधीच बोलून घ्यावे.

अडीअडचणीची शिल्लक दुकानाच्या दोन महिन्यांच्या ठरलेल्या खर्चाइतकी असावी. वरच्या उदाहरणातल्या किराणा दुकानाला ती २३,२०० रुपये होते. महिन्याला हजार बाजूला टाकले तर दोन वर्षे लागतात, आणि दोन वर्षे लागली तरी हरकत नाही. ही रक्कम जास्त व्याजाच्या मोहाने पतसंस्थेत किंवा मल्टिस्टेटमध्ये (अनेक राज्यांत चालणाऱ्या सहकारी पतसंस्थेत) ठेवू नये. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेच्या ठेवीला ते नसते. मराठवाड्यातल्या ठेवीदारांना हा फरक गेल्या काही वर्षांत फार महागात पडला आहे. भिशी चालू ठेवायची असेल तर ती माल भरण्यासाठी ठेवावी, शिल्लक म्हणून मोजू नये.

दोन कामांना मात्र सवड देता येत नाही. जीएसटीची नोंदणी असलेल्या आणि वार्षिक उलाढाल दीड कोटीच्या आत असलेल्या व्यापाऱ्याला कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरण्याच्या सोप्या योजनेत, जायचे असेल तर पुढच्या आर्थिक वर्षासाठीचा पर्याय ३१ मार्चपर्यंत निवडावा लागतो, आणि त्या योजनेत परराज्यात माल विकता येत नाही, म्हणून हैदराबाद किंवा बिदरकडे विक्री असणाऱ्या देगलूर-उदगीरच्या व्यापाऱ्याने आधी तेवढे तपासावे. दुसरे काम शिल्लक मालाच्या मोजणीचे. ३१ मार्चच्या रात्री किंवा फार तर त्या आठवड्यात फळीफळीने माल मोजावा आणि वर्षभरात न हललेल्या वस्तूंची वेगळी यादी करावी. ती यादी गुढीपाडव्याच्या पानामागे चिकटवावी. त्यातला माल अक्षय्य तृतीयेपर्यंत खरेदीच्या भावात, आणि पेरणीपर्यंतही न गेल्यास त्याखाली, काढून टाकावा आणि आलेले पैसे सरळ शिल्लकीच्या खात्यात भरावेत.